बुधवारी फुकट एन्ट्री, दोन टर्नटेबल आणि बाहेरगावचे डीजे : कोण कोण येतंय?

लिमलेट | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, परवा बुधवारी मुंढव्याच्या एका क्लबात एन्ट्री फुकट आहे. क्लबचं नाव इथे टाकत नाही, नाहीतर संपादक जाहिरात म्हणून धागा उडवतील, पोस्टर व्हॉट्सॅपवर फिरतंय ते बघा.

दोन डीजे आहेत, एक लिस्बनचा, एक ब्रिस्टलची मुलगी. दोघं मिळून भारतात फिरतायत, गेल्या शनिवारी बंगळुरू झालं, बुधवारी आपण, शुक्रवारी मुंबई आणि शनिवारी गोवा. पेन ड्राइव्ह नाही, लॅपटॉप नाही, फक्त टर्नटेबलवर फिरणाऱ्या तबकड्या. पोस्टरवर 'एक्लेक्टिक सेट' असं लिहिलंय, आणि खाली यादी अशी की दब (जमैकाचं, बेसवालं), फुनाना (आफ्रिकेजवळच्या केप वर्दे बेटांचं), ब्राझीलचं काहीतरी, तुर्की सायकेडेलिक, जुना डिस्को, हिंदी फिल्मी. आपल्याकडे याला भेळ म्हणतात.

मी जाणारच आहे. एकटा जायला कसंतरी होतं म्हणून धागा काढला. येणाऱ्यांनी हात वर करा.

पेठेतला_पक्या | सोमवार, रात्री ९:५०

फुकट म्हणजे नक्की काय फुकट? आत गेल्यावर पाण्याची बाटली दोनशेला असते तसं का?

लिमलेट | सोमवार, रात्री ९:५८

पक्या, मी फोन करून विचारलं रे. लिंकवर नाव टाकायचं, दारात नाव सांगायचं, हातावर शिक्का मारून आत. काही घ्यायलाच पाहिजे असं नाही. पाणी साधं मागितलं तर ग्लासात देतात, ते मात्र मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही.

सातारी_तडका | सोमवार, रात्री १०:०५

येतो लगा. पण स्टॅगचं, म्हंजे एकट्या पुरुषाचं, काय ते आधी सांग. मागच्या डिसेंबरात एका ठिकाणी 'फ्री एन्ट्री' वाचून आमी चार जण गेलो, तर दारावरचा पैलवान म्हणतो कपल फ्री, स्टॅगला पंधराशे पर हेड. आमी म्हटलं आमच्यात दोन कपल धरा की. हसला पण न्हाय.

मैना_मुळशीची | सोमवार, रात्री १०:२१

सातारी, ठ्ठो! पण जरा आमच्या बाजूनेही बघा ना. 'लेडीज फ्री' म्हणजे आम्हाला काही आदराने बोलावत नाहीत, आम्ही तिथे झुंबरासारख्या सजावटीला. मग आत गेलं की निम्मं पब्लिक नाचायला नाही तर बघायला आलेलं. सगळ्यांना सारखंच फुकट असेल तर मी येते, माझ्या दोन मैत्रिणीही येतील. बघ्यांना दाराबाहेर ठेवणार का तेवढं विचार.

साउंडवाला_बंड्या | सोमवार, रात्री १०:४०

सगळ्यांना सारखंच आहे, मी सांगतो, कारण त्या दिवशी साउंडला मीच आहे :)

स्टॅगवरून आठवलं. ज्या पार्टीपासून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली ११ ऑगस्ट १९७३ ची, १५२० सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगच्या कम्युनिटी रूममधली, तिच्या हाताने लिहिलेल्या आमंत्रणावर काय होतं माहितेय? मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. डीजे कूल हर्क वाजवणार आणि त्याची बहीण सिंडी गल्ला सांभाळणार, कारण पार्टी तिचीच, तिला शाळा सुरू होताना नवीन कपडे घ्यायला पैसे पाहिजे होते. तर सातारी, दुप्पट द्यायची परंपरा पन्नास वर्षांची आहे, मनाला लावून घेऊ नको.

सातारी_तडका | सोमवार, रात्री १०:४४

पन्नास सेंट असतील तर चौघांचे मी भरतो.

जुनीतबकडी | मंगळवार, सकाळी ६:१२

माझं नाव बघून कुणीतरी मला या धाग्याची लिंक पाठवली. मी काही येणार नाही, रात्री साडेनऊला झोपतो. पण एक विचारतो, राग मानू नका.

आमच्या वाड्यात आजोबांचा चावीचा फोनो होता. त्याच्या तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख बहुतेक आपल्याच देशातून जगभर जायची. दर बाजूला पिन बदलायची, पिनांची छोटी पत्र्याची डबी असायची. एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात नाट्यपद बसवायचं म्हणजे गायकाने ताना किती कापल्या असतील विचार करा. आम्हा पोरांना तबकडीला नुसतं बोट लावलं तरी पाठीत धपाटा. कडेला धरायची, तळहातांनी, असं.

आणि आता लोक ती बोटाने मागेपुढे घासतात आणि त्याला कला म्हणतात? गाणं दुसऱ्याचं, आवाज दुसऱ्याचा, वादक दुसरे. यात डीजेचं काय? आमच्या गणपतीतला मुलगा पण गाणीच लावतो की, तो तर फुकटही लावतो.

पेठेतला_पक्या | मंगळवार, सकाळी ८:३०

काकांशी सहमत. +१

साउंडवाला_बंड्या | मंगळवार, दुपारी १:१५

काका, रागबिग काही नाही, उलट तुमचा प्रश्नच खरा आहे. जेवायची सुट्टी आहे म्हणून लांबलचक लिहितो.

तुमची लाखेची तबकडी खरंच घासता येणार नाही, ती ठिसूळ आणि पिन जड, दोन दिवसांत पांढरी पडेल. आत्ताच्या व्हायनलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, सुई हलकी, आणि तबकडीखाली रबराऐवजी फेल्टचं गुळगुळीत कापड टाकतात. म्हणजे हाताने तबकडी धरली तरी खालची थाळी फिरतच राहते, सोडली की तबकडी लगेच पुन्हा वेगात. हे जमायला मोटर थेट थाळीच्या खाली लागते. घरच्या साध्या प्लेअरला मोटर बाजूला आणि मध्ये रबरी पट्टा असतो, तो हात लावला की घसरतो आणि मग वेग धरायला वेळ घेतो. म्हणून सगळे टेक्निक्स एसएल-१२०० वापरतात. मशीन १९७२ चं, घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी काढलेलं, डीजे लोकांनी पळवलं. १९७९ च्या मार्क टू मॉडेलला बाजूला वेगाची सरकपट्टी आली, आठ टक्के वर, आठ टक्के खाली. कंपनीने २०१० ला बंद केलं आणि २०१६ ला परत सुरू केलं कारण लोक ऐकेचनात. एकेक मशीन बारा किलोच्या आसपास, माझी कंबर साक्षीला आहे.

आता 'डीजेचं काय' ते. त्या हर्कच्या लक्षात आलं की लोक गाणं चालू असताना डुलतात, पण खरे नाचणारे थांबलेले असतात एका जागेसाठी, जिथे गायक गप्प होतो आणि फक्त ढोल-बेस राहतो. ती जागा असते दहा-पंधरा सेकंदांची. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या. पहिलीवर ती जागा संपली की दुसरीवर सुरू, तोवर पहिली उलटी फिरवून जागेवर. पंधरा सेकंदांची पाच मिनिटं केली. हे तबला साथीत लग्गी लागल्यावर लोक सरसावून बसतात ना, तसंच, फक्त याने ती लग्गी संपूच दिली नाही. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्राँक्सच्याच डीजेने तबकडीवर खडूसारख्या क्रेयॉनने खूण करून घड्याळाच्या काट्यासारखं मोजायला सुरुवात केली, म्हणजे अंदाजे नाही, नेमकं कुठे परत जायचं ते ठरलेलं.

आणि घासण्याची गोष्ट तर तुम्हाला आवडेलच. ग्रँड विझर्ड थिओडोर हा पोरगा घरात मोठ्याने रेकॉर्ड लावून बसलेला, आई दारात येऊन ओरडली आवाज कमी कर म्हणून, त्याने तबकडी हाताने धरून ठेवली आणि आई बोलत असताना हात नकळत मागेपुढे हलला. तो जो आवाज आला त्याच्यावर तो महिनोन् महिने बसला, मग लोकांसमोर आणला. धपाटा मिळाला का ते कुठे सांगितलेलं नाही.

मैना_मुळशीची | मंगळवार, दुपारी १:३१

म्हणजे जगातल्या सगळ्या आया 'आवाज कमी कर' म्हणून ओरडतात आणि त्यातून एकदाच काहीतरी निघालं :D

कटिंगचहा | मंगळवार, दुपारी ४:०८

मला एक कळत नाही, हे लोक एवढ्या तबकड्या विमानातून आणतात कशा? माझी दुबईहून येताना खजुराची दोन पाकिटं जास्त झाली तर काउंटरवर काढायला लावली.

साउंडवाला_बंड्या | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मोठी एलपी कव्हरसकट पाव किलो धर. तेवीस किलोत नव्वद बसतात, चड्डी-बनियन न नेता. म्हणून टूरवाले छोट्या सात इंची आणतात, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या, आपल्याकडे ज्याला ईपी म्हणायचे. त्या कव्हरसकट पन्नास ग्रॅमच्या आसपास, पाठीवरच्या पिशवीत दोनशे आरामात. आणि ती पिशवी विमानाच्या पोटात देत नाहीत, मांडीवर घेतील पण देणार नाहीत. डीजे शॅडो आणि कट केमिस्ट या दोघा अमेरिकन डीजेंनी १९९९ मध्ये सगळा सेट फक्त पंचेचाळीसवाल्यांवर करून दाखवला, तेव्हापासून ही खास एक जमातच झाली.

बाकी हल्ली बरेच जण कोडवाली तबकडी वापरतात. तिच्यात गाणं नसतं, नुसता एक सूर असतो, तो सूर लॅपटॉपला सांगतो की हात कुठे आहे, गाणं लॅपटॉपमधून येतं. त्यात वाईट काही नाही. पण बुधवारचे दोघं तसले नाहीत.

पेठेतला_पक्या | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

ते सगळं ठीक, पण क्लबवाला धर्मादाय कधीपासून झाला? मशीनचं भाडं, विमान, हॉटेल, तुझं मानधन. कोण भरतंय?

साउंडवाला_बंड्या | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

पुणेकर शोभतोस. ऐक. विमानाचं तिकीट शुक्रवार-शनिवारच्या मुंबई-गोव्याने काढलेलं असतं, खरे पैसे तिथे. मधले बुधवार-गुरुवार त्यांना हॉटेलात लोळण्यापेक्षा कुठेतरी कमी पैशात वाजवलेलं परवडतं. क्लबला बुधवार म्हणजे मेलेला वार, एसी आणि पोरांचे पगार चालूच. पाच टेबलांऐवजी पंचवीस भरली तर बारवर निघतं. तिकीट लावलं तर ज्यांना आधीच माहितेय ते चाळीस येतील. अनोळखी नावाला पाचशे रुपये कोण देणार, तू देशील?

पेठेतला_पक्या | मंगळवार, संध्याकाळी ७:२३

ओळखीच्याला पण नाही देणार. येतो बुधवारी.

नवखा_२३ | मंगळवार, रात्री ८:४५

मी तेवीस वर्षांचा आहे, मला आत घेतील का?

सातारी_तडका | मंगळवार, रात्री ८:५१

घेतील, आधार कार्ड आण. महाराष्ट्रात बिअर-वाईन एकवीसला आणि रम-व्हिस्की पंचवीसला. म्हंजे तुला बिअर मिळंल, माझ्या ग्लासाकडं बघायचं न्हाय.

टेम्सकाठी | बुधवार, पहाटे २:३०

इथे लंडनात हा प्रकार बघून बघून मला नवल वाटेनासं झालंय. कोपऱ्यावरच्या पबात आठवड्यातून एकदा कुणीतरी दोन टर्नटेबल मांडतो, तिकीट नाही, दार उघडं, पन्नाशीची माणसं बूट घासत नाचतात. ऑगस्टच्या शेवटी नॉटिंग हिलला तर दोन दिवस रस्त्यावरच साउंड सिस्टिम, सगळं फुकट, फक्त बाथरूमचे पैसे लोक दारं उघडून घेतात, तो धंदा वेगळाच. मी तिथेच पहिल्यांदा भारतीय तबकडी ऐकली, म्हणजे आपल्या गाण्याचा तुकडा दुसऱ्याच तालावर, आणि आजूबाजूच्या कुणाला माहीत नाही हे कुठलं, मी एकटाच दात काढून हसतोय. वृत्तांत नीट लिहा रे, फोटो नकोत, ते सगळेच टाकतात.

लिमलेट | बुधवार, दुपारी १२:१०

ब्रेकिंग न्यूज. आत्ता जुन्या बाजारात दोघं दिसले! आज बुधवार ना, बाजार भरलाय. मी सायकलचं पेडल शोधायला गेलो होतो, तर भंगार मिक्सर आणि नळाच्या तोट्यांच्या मध्ये ती मुलगी उकिडवी बसून तबकड्यांचा गठ्ठा चाळतेय. एकेक काढायची, उन्हात तिरकी धरून ओरखडे बघायची, फुंकर मारायची. विकणारे चाचा म्हणाले, मॅडम सुबह से बैठी है, आधा माल देख लिया. मी काही बोललो नाही, लाज वाटली.

मैना_मुळशीची | बुधवार, दुपारी १२:१४

अरे बोलायचंस की! संध्याकाळी भेटू. नऊला दारात.

लिमलेट | गुरुवार, सकाळी ११:०५

वृत्तांत. ऑफिसात आहे, डोळे मिटतायत, पण आता नाही लिहिलं तर राहील. लांबलंय, सांभाळून घ्या.

नऊला पोचलो तर आत आम्ही सात, पक्याचा मावसभाऊ धरून आठ, आणि बाकी सगळा स्टाफ. म्हटलं झालं, आज आपणच पब्लिक. स्टेजवर टेबल, टेबलावर दोन टेक्निक्स, मध्ये मिक्सर (दोन्हींचा आवाज एकत्र करणारा), आणि बंड्या टेबलाखाली आडवा. कारण स्पीकरमधून सारखं घूंऽऽऽ. पंधरा मिनिटं ते घूं. वायरी काढल्या, लावल्या, पुन्हा घूं. शेवटी ती ब्रिस्टलची खाली वाकली, टर्नटेबलमधून आलेली एक बारीक वायर, तिचं टोक चिमट्यासारखं असतं, ती मिक्सरच्या मागच्या एका स्क्रूला नुसती टेकवली, आणि घूं बंद. अख्ख्या हॉलने सुस्कारा टाकला. अर्थिंगची वायर, कुणीतरी सोडून दिलेली.

मग लिस्बनवाल्याने पहिली तबकडी लावली, छान संथ दब, बेस असा की छातीच्या पिंजऱ्यात वाजतोय. आणि बेस वाढवला तशी सुई उडाली. फट्ट. परत ठेवली, परत फट्ट. स्टेज लाकडी आणि पोकळ, बेसने स्टेज हलतंय, स्टेजने टेबल, टेबलाने सुई. वर कहर म्हणजे सुईच ते हलणं उचलून परत स्पीकरला पाठवतेय, म्हणजे हुंकार वाढतच जातोय. मला वाटलं आता लॅपटॉप निघणार.

बंड्या बाहेर पळाला. दहा मिनिटांनी आला तो दोन वॉचमन आणि एक शहाबादी फरशी घेऊन. शेजारी बांधकाम चालू आहे तिथून. दोन बाय दोनची, कडेला सिमेंट लागलेलं, ओली. मागून सातारी तडका हातात चार टेनिस बॉल घेऊन, पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांकडून वीस-वीस रुपयांना घेतलेले. किचनमधल्या सुरीने बॉल अर्धे कापले, आठ वाट्या झाल्या, टेबलावर पालथ्या मांडल्या, वर फरशी, फरशीवर एक टर्नटेबल. दुसऱ्यासाठी दुसरी फरशी आणली, ती तुटकी निघाली, मग तिच्याखाली पोळपाट. खोटं वाटेल, पण किचनमधला पोळपाट! लिस्बनवाल्याने फरशीवर मूठ आपटून बघितली, सुई हलली नाही. त्याने बंड्याच्या पाया पडल्यासारखं केलं.

त्यानंतर काय सांगू. दहापर्यंत साठ-सत्तर लोक झाले, अकराला पाय ठेवायला जागा नाही. आयटीवाले आयडी कार्ड गळ्यात घालून, कॉलेजची पोरं, एक काका-काकू कुणाचं तरी बर्थडे जेवण आटपून आलेले, सिल्कच्या साडीत. हे सगळे तिकीट असतं तर आले नसते, काकू तर नाहीच नाही, त्या बाहेर रिक्षाची वाट बघत होत्या आणि 'बघू तरी' म्हणून आत शिरल्या.

तिचे हात बघत मी पाऊण तास कठड्याला टेकून उभा होतो. एक तबकडी लोक ऐकतायत, दुसरी फक्त तिच्या कानात, हेडफोनची एक बाजू खांदा वर करून कानाशी दाबलेली. उजव्या हाताने तबकडी मागे, पुढे, मागे, पुढे, जसं जात्यात घास घालण्याआधी हात घुटमळतो तसं, आणि मग सोडली. डाव्या हाताने वेगाची पट्टी केसभर वर. मग बोटाचं टोक थाळीच्या कडेला, नुसतं टेकवलेलं, म्हणजे पुढे पळणाऱ्या तबकडीला किंचित थांब म्हणायचं. हे सगळं पाच-सहा सेकंदांत. आणि दोन गाणी कधी एक झाली ते कळलंच नाही.

मध्येच चार मुलांचा घोळका पुढे गेला, मोबाइलवर मोठ्या अक्षरात 'पंजाबी लाव' लिहून तिच्या नाकासमोर. तिने वाचलं, मान डोलावली, आणि सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाची एक कॅबरेवाली ईपी लावली. पोरं नाचली. पंजाबी नव्हतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि मग साडेबाराच्या आसपास. लिस्बनवाला केप वर्देचं बातुके वाजवत होता, त्याच्या आजोळचं म्हणे, सहाच्या लयीत, बायका मांडीवर कापडाची गाठोडी बडवतात तो ताल. तिने दुसऱ्या बाजूला एक तबकडी लावली, आधी फक्त टाळ्या आणि ढोलकी वर आली. मला वाटलं त्याचंच चाललंय. मग आवाज आला. कोळीगीत! जुन्या बाजारातलं! हॉलमध्ये एक सेकंद कुणाला कळेना आणि मग जो काही कल्ला झाला. एक वेटर, अलिबागकडचा असावा, त्याने ट्रे कठड्यावर ठेवला, अक्षरशः माझ्या कोपराशी, चार रिकामे ग्लास त्यात, आणि वल्हं मारत मारत मध्ये गेला. मॅनेजर ओरडायला निघाला होता, तोपर्यंत साडीवाल्या काकूंनी मॅनेजरला ओढलं.

शेवटी मी धीर करून तबकडी बघायला मागितली. कव्हर नाहीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. लेबलवर कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय, 'नाना, दिवाळी ७४'.

दीडला दिवे लागले. बस.

पेठेतला_पक्या | गुरुवार, सकाळी ११:२०

माझा खर्च: येता-जाता रिक्षा ३४०, आत शून्य. पाणी दोनदा मागितलं, दोनदा दिलं. वृत्तांतात एक भर, येताना रिक्षावाल्याने दीड वाजता 'मुंढव्यातून पेठेत नाही' म्हणून चार जणांना परत पाठवलं, हा खर्च फुकट एन्ट्रीत कुणी धरत नाही.

टेम्सकाठी | गुरुवार, सकाळी ११:५०

दंडवत. लिस्बनचा माणूस पुण्यात कोळीगीताला साथ करतोय! चिमाजीअप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्याचा हिशेब काल पुरा झाला म्हणायचा.

मैना_मुळशीची | गुरुवार, दुपारी १२:०२

माझ्याकडून एवढंच, काल कुणी बघ्या नव्हता. म्हणजे होते दोन-तीन, पण मध्यभागी वेटर आणि काकू असल्यावर आमच्याकडे कोण बघणार. मैत्रीण म्हणाली, पहिल्यांदा क्लबमध्ये पर्स काखेत न धरता नाचले.

शांतताप्रेमी | गुरुवार, दुपारी १२:३०

दहानंतर लाउडस्पीकर बंद असा नियम आहे ना? तुमचं नाचणं होतं, आजूबाजूच्या म्हाताऱ्यांचं काय?

साउंडवाला_बंड्या | गुरुवार, दुपारी १२:४८

शांतताप्रेमी, रास्त प्रश्न. २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, पण बंद जागेत आतल्या आत असेल तर वेगळं. कालचा हॉल बंद होता, दुहेरी दार, बाहेर रस्त्यावर मी स्वतः तीनदा जाऊन उभा राहिलो. गच्चीवरच्या क्लबांचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूने. तिथली कामं मी घेत नाही, दहाला बेस कापायला लावतात आणि मग पब्लिक मला शिव्या देतं.

आणि लिमलेट, ते घूं माझ्यामुळे नव्हतं, वायर भाड्याच्या दुकानातूनच सुटलेली आली होती. रेकॉर्डवर राहू दे.

जुनीतबकडी | गुरुवार, संध्याकाळी ५:४०

वृत्तांत दोनदा वाचला. दोन-तीन शंका.

एक, ते घूं म्हणजे विजेचा पन्नास हर्ट्झ, तो जवळपास पेटीच्या पांढरी पाचला लागतो. आमच्या पेटीच्या मास्तरांकडे पंखा सुरू केला की तो सूर यायचा आणि ते त्याच्यावर तंबोरा लावायचे, गमतीने.

दोन, कोळीगीत किती वेगात वाजवलं? बंड्यासाहेब म्हणतात पट्टी आठ टक्क्यांपर्यंत सरकते. वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्क्यांना बरोबर अर्धा स्वर, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनला जातं. तेवढं असेल तर पेटीवाला सांभाळून घेईल.

तीन, लेबल लाल होतं का?

साउंडवाला_बंड्या | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

काका, नमस्कार घ्या. पट्टी मी बघितली होती, अधिक चारला होती.

जुनीतबकडी | गुरुवार, संध्याकाळी ६:२२

चार म्हणजे ना काळी एक ना पांढरी दोन. मधल्या खड्ड्यात. कुठलीच पट्टी नाही ही.

लिमलेट | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

पण काका, त्या बातुकेशी जुळत होतं हो. आणि लेबल लालच होतं.

जुनीतबकडी | गुरुवार, संध्याकाळी ६:५१

लय जुळली असेल, ते मी नाकारत नाही. ढोलकीला पट्टीचं काय एवढं. लाल लेबलाच्या ईपी माझ्याकडे आहेत काही, तीन कोळीगीतांच्या असाव्यात, माळ्यावर बघावं लागेल. त्यांचा परत दौरा असला की सांगा. रात्रीचा नको, संध्याकाळी सहाचा असेल तर मी येईन. बोटं मात्र लावू देणार नाही.

नवखा_२३ | गुरुवार, रात्री ९:१०

काका, ही लाल लेबलवाली मिळतात कुठे? मी काल पहिल्यांदाच टर्नटेबल प्रत्यक्ष बघितलं. रविवारी जुन्या बाजारात कुणी येतंय का माझ्याबरोबर, मला उन्हात धरून ओरखडे बघायचं कसं ते कळत नाही.

लिमलेट | गुरुवार, रात्री ९:१८

मी येतो, सकाळी आठ. उशीर केलास तर ऊन डोक्यावर येतं आणि तबकड्या तापून वाकतात, मग चाचा पण ताज्या म्हणून खपवतात.

सातारी_तडका | शुक्रवार, सकाळी १०:०२

ते सगळं होईल सावकाश, आधी फरशीचं बघा. बांधकामावरच्या वॉचमनमामांचा मला सकाळपासून तिसरा फोन. सुपरवायझर आलाय आणि दोन फरश्या मोजणीत कमी येतायत. एक तुटकी होती ती सोडा म्हणतो, पण चांगली परत पाहिजे. क्लब बंद, उघडणार संध्याकाळी पाचला. बंड्या, तुझा टेम्पो कुठंय?

साउंडवाला_बंड्या | शुक्रवार, सकाळी १०:२०

टेम्पो मशीनं परत द्यायला मुंबईला गेलाय. आणि एक प्रॉब्लेम, लिस्बनवाल्याला ती फरशी इतकी आवडली की तो मुंबईच्या कार्यक्रमाला घेऊन जायचं म्हणत होता. मी नाही म्हटलं होतं. नीट ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

सातारी_तडका | शुक्रवार, सकाळी १०:२२

लगा बंड्या, टेम्पोवाल्याला फोन लाव. आत्ता.

पेठेतला_पक्या | शुक्रवार, सकाळी १०:३१

पोळपाट तरी जागेवर आहे का?